नळीभोवतीचा कागद

१

डबा उघडला तेव्हा आत एकच नळी निघाली. दोन असायला हव्या होत्या.

फोन डॉक्टरीणबाईंचा होता. "तुमच्या मेहुण्यांचं रक्त पोचलं," त्या म्हणाल्या. "सासऱ्यांचं नाही. सिस्टर शपथेवर सांगते की तिने दोन्ही नळ्या डब्यात ठेवल्या होत्या. तुम्हाला येता येईल?"

मी निघालो. नोकरीत असेपर्यंत माझं हेच काम होतं. मी विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करायचो. कुठे गोदाम जळालं, कुठे माल गायब झाला, की मला पाठवत. मी कागद कमी बघायचो, माणसांशी जास्त बोलायचो. पण या वेळी गायब झालेल्या मालाची भरपाई कुठलीच कंपनी देणार नव्हती.

ती नळी कशासाठी होती ते आधी सांगतो.

माझी बायको गेल्या हिवाळ्यात गेली. हंटिंग्टन नावाचा आजार. सुरुवातीला हातातून कप निसटायचे. मग हातपाय आपले आपण हलायला लागले, चालताना तोल जायला लागला. ती प्यायली आहे असं समजून रस्त्यावरची माणसं बाजूला व्हायची. मी टेबलाच्या कोपऱ्यांना जाड कापड चिकटवलं. दोन कानांचा कप आणला. शेवटी तिचं बोलणंही गेलं.

हा आजार आईकडून किंवा वडिलांकडून येतो. तिची आई म्हातारपणी झोपेत गेली, शेवटपर्यंत हात स्थिर. वडील, म्हणजे अण्णा, पंच्याऐंशीच्या घरात आहेत आणि अजून सुईत दोरा ओवतात.

मग आला कुठून?

नातेवाइकांनी आपापसांत उत्तर काढून ठेवलं होतं. मेहुण्याची बायको सोडली तर उघड कोणी बोललं नाही. तिला मी वहिनी म्हणतो. भेटायला आली तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून ती म्हणाली, "आमच्या घरात असलं काही नाही हो. कुठून आलं ते ज्याचं त्याला माहीत." माझ्या मुलीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली.

असलं काहीबाही बायकोच्या कानावरही लहानपणापासून आलं असावं. बोलता येत होतं तोवर एकदा तिने मला जवळ बसवून घेतलं. "हे मला कुणी दिलं ते शोध," ती म्हणाली. एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. "रागवायला नाही. मी अण्णांचीच ना, एवढं कळायला."

शोधतो, म्हणालो.

त्या नळीत तिच्या प्रश्नाचं उत्तर होतं. आणि ती कोणीतरी पळवली होती. आमच्यापैकीच कोणीतरी.

२

डॉक्टरीणबाईंचं काम आजारी माणसांवर नव्हतं, धडधाकट माणसांवर होतं. ज्यांच्या घरात हा आजार कधी ऐकलाही नाही, अशा साध्या लोकांचं रक्त गोळा करून त्यांच्यात त्या एका जनुकाच्या किती तऱ्हा सापडतात, ते त्या बघत होत्या.

काही दिवसांपूर्वी त्यांनी आम्हाला बोलावून समजावून सांगितलं होतं. त्या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. सगळ्यांच्यात येतो. वीसेक वेळा आला तर काही बिघडत नाही. चाळीस वेळा किंवा त्याहून जास्त आला तर आज ना उद्या आजार होतोच. "आणि हा आजार आईवडिलांपैकी एकाकडूनच मुलात उतरतो," त्या म्हणाल्या.

एवढं ऐकून अण्णा उठले. घुसमटतंय म्हणाले. मेहुणा त्यांना धरून बाहेर घेऊन गेला. वहिनी आलीच नव्हती. बाईंचं पुढचं बोलणं मी आणि माझी मुलगी, आम्ही दोघांनीच ऐकलं. त्यानेच मला धीर आला आणि मी अण्णांकडे रक्त मागितलं. अण्णा "घ्या" म्हणाले. मेहुण्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं, त्यालाही स्वतःचं कळून घ्यायचं होतं. म्हणून दोघांचं रक्त एकाच सकाळी, अण्णांच्या घरी घ्यायचं ठरलं.

आता बाईंनी डबा माझ्यापुढे सरकवला. आत बर्फाच्या पिशव्या, त्याखाली नळ्या उभ्या ठेवायची खाचांची चौकट. एक खाच रिकामी. दुसऱ्या खाचेत मेहुण्याची नळी, पातळ पांढऱ्या कागदात गुंडाळलेली.

"हा कागद सिस्टरने लावला?"

"नाही. आम्ही असलं काही लावत नाही. शेजारची नळी गेल्यावर चौकट ढिली होते, ही हलून फुटली असती." बाई कोरडं हसल्या. "चोर सभ्य दिसतो. एक नेली आणि दुसरीला ऊब देऊन गेला."

मी हसलो नाही. मी त्या कागदाची घडी बघत होतो. एक टोक आत, दुसरं टोक उलट्या दिशेने आत. चिकटपट्टी नाही, दोरा नाही, तरी सुटत नाही. अण्णांचं चष्म्याचं दुकान होतं. घासून तयार झालेलं भिंग तिथे अशा घडीत जायचं. लहानपणी माझी बायको आणि तिचा भाऊ शाळेतून आले की गल्ल्यामागे बसून भिंगं गुंडाळायचे. लग्नानंतरही काचेची वस्तू हातात आली की बायकोचे हात हीच घडी घालायचे. दिवे, बाटल्या, फोटोच्या काचा.

आणि तिच्याकडून ती माझ्या मुलीने उचलली होती.

३

सिस्टर रडकुंडीला आली होती. मी तिला बसवलं आणि म्हटलं, "मी तक्रार करायला आलेलो नाही. फक्त सकाळ पुन्हा सांगा."

"आधी आजोबांचं घेतलं. मग तुमच्या मेहुण्यांचं. दोन्ही नळ्या चौकटीत लावल्या, वर पिशव्या ठेवल्या. डबा तिथेच टेबलावर. मी हात धुवायला आत गेले. तुमच्या मेहुण्यांच्या मिसेसनी टॉवेल द्यायला वेळ लावला. आले, झाकण बसवलं, पट्टी लावली आणि पट्टीवरून डब्यावर येईल अशी सही केली. आमची पद्धत आहे."

"झाकण लावण्याआधी पिशव्या उचलून पाहिलं होतं?"

"नाही. ती माझी चूक."

"त्या वेळी खोलीत कोण होतं?"

"आजोबा खुर्चीत, हातावर कापूस दाबून. तुमचे मेहुणे गॅलरीच्या दारात. त्यांना रक्त बघून गरगरत होतं. मिसेस आत-बाहेर करत होत्या."

"आणि माझी मुलगी?"

"ती वर आलीच नाही. जिन्यात थांबली होती. मी डबा तिच्या हातात दिला आणि माझी पिशवी आणायला पुन्हा वर गेले. तिथे मला जरा उशीरच झाला. आजोबा काहीतरी विचारत बसले."

मी गाडी आणायला कोपऱ्यावर गेलो होतो. म्हणजे तेवढा वेळ डबा होता आणि माझी मुलगी होती. दुसरं कोणी नाही.

माझी मुलगी दातांचे साचे बनवते. तिच्या कारखान्यात पोचलो तेव्हा ती मेणाचा एक दात कोरत होती. तिने स्वतःची तपासणी केलेली नाही. करणार का, हे मी तिला कधी विचारत नाही.

"बाबा, तुम्ही मला विचारताय की माझी चौकशी करताय?"

"दोन्ही."

"मग ऐका. डबा हातात आला तेव्हा मनात आलं होतं. घेऊन पळावं. उत्तर उलटं आलं असतं तर मामीने ते गल्लीभर वाटलं असतं." तिने कोरणी खाली ठेवली. "पण आईने विचारलं होतं ना. आईने विचारलेलं मी कसं पळवीन?"

"कागदाची घडी आपल्या घरातली आहे."

"घडी आईची नव्हतीच. आजोबांची होती. आणि पट्टी? सिस्टरने माझ्या हातात डबा दिला तेव्हा पट्टीवर सही होती. मी नळी काढली असती तर सही तुटली असती. विचारा त्यांना."

मी तिथूनच फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सही अखंड होती. पट्टी त्यांनी स्वतः कापली.

मी मुलीच्या शेजारच्या स्टुलावर बसलो.

"चहा मागवू?" तिने विचारलं.

"मागव."

म्हणजे नळी पट्टी लागायच्या आधी गेली. वरच्या खोलीतच, सिस्टर हात धुवत असताना. तिथे तीन माणसं होती, आणि ही घडी त्यांतल्या दोघांना येत होती.

४

मेहुणा शाळेत भूगोल शिकवतो. मधल्या सुट्टीत त्याला नकाशांच्या खोलीत गाठलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी कशासाठी आलोय ते ओळखलं.

"भाऊजी, आग आमच्या घराला लागलीय की तुमच्या?"

"घर एकच आहे."

"हं." तो नकाशाची गुंडाळी नुसतीच सरळ करत राहिला. "मी नाही घेतली. मी गॅलरीत होतो. ताईला माहीत होतं, मला गुडघा फुटला तरी बघवत नाही. ती असती तर हसली असती."

"सिस्टर आत गेली तेव्हा तू मागे वळून पाहिलंस?"

"नाही." नकाशा खाली ठेवून तो म्हणाला, "वळावंसं वाटलं नाही. वाटलं, आपली बायको काहीतरी करतेय. आणि पाहिलं तर ते मला सांगावं लागेल."

वहिनीकडे गेलो. तिने दार उघडलं, पण बाजूला झाली नाही.

"आलात? मला वाटलंच. सगळ्यात शेवटी माझ्याकडे, की सगळ्यात आधी?"

"शेवटी."

"म्हणजे ठरवूनच आलात." ती आत वळली, मी मागून गेलो. ती भांडी पुसत होती, पुसलेलंच पुन्हा पुसत होती. "मी बोलले ते चुकलं, भाऊजी. पण का बोलले ते कोणी विचारलं का? ताई यांची सख्खी बहीण असेल तर उद्या हे. परवा माझी पोर. ताई सख्खी नसती तर माझं घर सुटलं असतं. मी माझं घर सोडवत होते, बस."

"म्हणून अण्णांची नळी घेतलीत?"

तिने टॉवेल खाली टाकला. "मला काय करायचंय म्हाताऱ्यांचं रक्त घेऊन? तपासायचं होतं ते यांचं रक्त. यांचं एकदा कळलं की ताई कुणाची का असेना, मला काय फरक पडतो? मी घेतली असती तर यांची घेतली असती. अख्खी सकाळ त्या नळीकडे बघत होते. हात झाला नाही."

मी जिना उतरता उतरता थांबलो. वहिनीने चिडून माझ्या हातात उत्तर ठेवलं होतं आणि तिला ते कळलंही नव्हतं.

५

विम्याच्या कामात मी नेहमी एक गोष्ट बघायचो. काय गेलं त्यापेक्षा काय राहिलं ते बघायचं.

मेहुण्याची नळी राहिली. नुसती राहिली नाही, जपून ठेवली गेली. ज्याला आजाराची भीती होती, त्याने ती उचलली असती. मेहुण्याने उचलली असती, वहिनीने उचलली असती. कारण मेहुण्याचं भवितव्य त्याच्याच रक्तात होतं. अण्णांच्या नळीवर एकच गोष्ट अवलंबून होती, माझी बायको कुणाची मुलगी. ती नेणाऱ्याला मेहुण्याचं खरं कळायला हवं होतं, अगदी नळी फुटू नये इतकं. फक्त बायकोचं कळायला नको होतं. आणि सिस्टर पिशवी घ्यायला परत आली तेव्हा त्याने तिला बोलण्यात गुंतवलं होतं, डबा पुन्हा उघडून बघायचं तिच्या मनातही येऊ नये म्हणून.

अण्णांचं दुकान घराच्या पुढच्या भागात आहे. गिऱ्हाइकं बंद झाली, पण ते दुपारी तिथे बसतात. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठी, खाली बारीक होत गेलेली. मी समोरच्या स्टुलावर बसलो. डोळे तपासायला बसतात त्याच.

"या जावईबापू," ते म्हणाले. "विमा कंपनीची माणसं घर जळून गेल्याशिवाय येत नाहीत."

"अण्णा, नळी द्या."

ते रागावले नाहीत. त्यांनी भिंगांचा खण उघडला. रांगेने घड्या लावलेल्या होत्या. त्यातली एक जाडसर होती. ती त्यांनी आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली.

"कसं कळलं?"

"तुम्ही मुलाची नळी गुंडाळलीत."

"फुटली असती," ते म्हणाले. जणू यापेक्षा वेगळं काही करताच आलं नसतं.

मी वाट पाहिली. या कामात वाट पाहावी लागते.

"मी भिंगं घासायचं काम शिकायला परगावी होतो," अण्णा म्हणाले. "परत आलो. मग ती झाली. वेळेच्या आधी झाली. शेजारच्या बायकांनी बोटांवर महिने मोजले. तिच्या आईला मी कधी विचारलं नाही. लोक म्हणतात, काय मोठ्या मनाचा माणूस. कसलं मोठं मन? विचारलं नाही, पण विसरलोही नाही. ती बाई जन्मभर माझ्यासमोर जरा दबून वावरली. ती का दबते हे मला माहीत होतं आणि मी तिला दबू दिलं."

"आणि मुलगी?"

"पोरीने माझं बोट धरलं त्या दिवशी माझ्यापुरता विषय संपला. ती माझी. रक्त कुणाचं का असेना." त्यांनी चष्मा काढला. "मग ती डॉक्टर म्हणाली, आईकडून नाहीतर बापाकडून. आई धड गेली. मी धड आहे. मग उरलं कोण? ते कागदावर छापून आलं असतं, जावईबापू. मेल्यावर माझी पोर माझ्यापासून काढून घेतली असती. 'घ्या' म्हणालो, कारण नाही म्हटलं असतं तर तेच उत्तर झालं असतं. पण मी हयात असताना हे कुणाला करू देणार नाही."

"अण्णा, तुम्ही अर्धंच ऐकून उठलात."

"अर्धं पुरे होतं."

"नव्हतं." मी स्टूल पुढे ओढलं. त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून डाव्या बाजूला. "वीस आणि चाळीसच्या मध्ये एक पट्टा आहे. तुकडा जरासा लांब, पण आजार होण्याइतका नाही. तशी माणसं शंभर वर्षं जगतात, त्यांना कधी पत्ता लागत नाही. बाई म्हणाल्या, रस्त्यावरची शंभर माणसं उभी केली तर त्यांत पाच-सहा तरी अशी निघतात. आपल्या कोणाच्या ध्यानीमनी नसतं. बहुतेकांच्या मुलांनाही काही होत नाही. पण क्वचित कधी मुलात उतरताना तो तुकडा वाढतो. आईकडून उतरताना सहसा नाही. बापाकडून उतरताना."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले.

"तुम्ही धडधाकट आहात याचा अर्थ ती तुमची नाही असा होत नाही," मी म्हणालो. "आता खरं काय ते मला माहीत नाही. उत्तर उलटंही येईल. पण तिने विचारलं होतं."

"कोणी?"

"तिनेच. मी अण्णांचीच ना, म्हणून."

त्यांनी काढलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. बाहेरून कोणी हातगाडी ढकलत नेत होतं.

"तिलाही माहीत होतं," ते म्हणाले. "आणि मला वाटायचं, मी नीट लपवलं."

६

डॉक्टरीणबाईंनी ती नळी घेतली नाही. "हे रक्त देणाऱ्याने परत घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "मनापासून देणार असतील तर नव्याने द्यावं लागेल."

अण्णांनी स्वतः बाही वर केली. सिस्टर तीच होती. या वेळी ती नळीवरून नजर काढत नव्हती.

"घाबरू नका," अण्णा तिला म्हणाले. "चोराने धंदा सोडला."

निकालाच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. वहिनीसुद्धा आली आणि दाराजवळच्या खुर्चीत बसली. बाईंनी आधी मेहुण्याला आत बोलावलं. तो बाहेर आला आणि बायकोकडे बघून नुसती मान हलवली. त्याच्यात काही नव्हतं. वहिनी तोंडावर पदर धरून रडली. मग उठून माझ्या मुलीजवळ गेली. ती नुसती शेजारी बसून राहिली. मुलगी उठून गेली नाही.

अण्णांनी मला बरोबर आत नेलं.

बाई सावकाश बोलल्या, डाव्या बाजूला बसून. प्रत्येकात त्या जनुकाच्या दोन प्रती असतात, आणि अण्णांच्या एका प्रतीतला तुकडा साधा होता. दुसऱ्या प्रतीतला त्या मधल्या पट्ट्यातला, वरच्या टोकाचा. माझ्या बायकोचं आजारपणात घेतलेलं रक्त इस्पितळात जपून ठेवलेलं होतं, ते बाईंनी मागवून घेतलं होतं. तिच्यातला लांबलेला तुकडा आणि अण्णांच्यातला, दोन्हींच्या आजूबाजूच्या खुणा जुळत होत्या. बाकीचंही सगळं जुळत होतं.

"म्हणजे?" अण्णांनी विचारलं. आता त्यांना पूर्ण ऐकायचं होतं.

"म्हणजे ती तुमचीच मुलगी. शंकेला जागा नाही."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले, मला वाटतं ते माझ्या सासूबाईंशी बोलत होते. मग डोळे उघडले, आणि दुसरी गोष्ट त्यांच्या चेहऱ्यावर येताना मला दिसली.

"आणि आजार माझ्याकडून गेला."

"तुमच्यातला तुकडा निरुपद्रवी होता," बाई म्हणाल्या. "तो वाढला. ते कुणाच्या हातात नसतं."

"पण माझ्याकडून."

बाईंनी खोटं बोलायचं टाळलं. "हो."

अण्णांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसले. म्हातारे, स्थिर हात. एकाही बोटाला कंप नव्हता.

बाहेर आल्यावर ते माझ्या मुलीच्या खांद्याचा आधार घेऊन चालायला लागले. मुलगी हळूच म्हणाली, "आजोबा, मी पण तुमचीच. त्यातलं काय काय आलंय ते अजून बघितलं नाही."

"सावकाश बघ," ते म्हणाले. "बघायचं असेल तेव्हा. मी येईन बरोबर."

पायऱ्यांपाशी थांबून त्यांनी मला विचारलं, "तिला सांगितलंत?"

"आता घरी गेल्यावर सांगतो."

त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी मान हलवली आणि पायऱ्या उतरायला लागले.

घरी आलो. दोन कानांचा कप फडताळात होता तिथेच होता. तो खाली काढला आणि टेबलावर तिच्या बाजूला ठेवला. टेबलाच्या कोपऱ्यांचं कापड मी अजून काढलेलं नाही.

"तू अण्णांचीच," मी म्हणालो.

मग अण्णांकडून मागून आणलेला एक पातळ कागद घेतला आणि तो कप गुंडाळायला बसलो. एक टोक आत, दुसरं उलट्या दिशेने आत. माझ्या हाताने ती घडी नीट बसत नव्हती. मी पुन्हा सोडली आणि पुन्हा घातली.